ब्राउझरचे मुखपृष्ठ पुन्हा पुन्हा बदलते तेव्हा : जुन्या संगणकाची सफाई

ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी भलतेच शोधपान समोर येते, आपण ते बदलून ठेवतो आणि संगणक पुन्हा सुरू केला की ते परत हजर असते. हे काम ब्राउझर हायजॅकरचे, म्हणजे ब्राउझरचा ताबा घेणाऱ्या घुसखोर प्रोग्रामचे असते आणि तो एकाच जागी राहत नाही. तो विंडोजमध्ये तीन-चार ठिकाणी मूळ धरून असतो आणि त्यातले एक जरी शिल्लक राहिले, तरी बाकीची पुन्हा फुटतात. म्हणून ही सफाई क्रमाने आणि शक्यतो एकाच बैठकीत करावी.

सुरुवातीला त्या संगणकावरचे बँकेचे व्यवहार थांबवावेत आणि महत्त्वाचे पासवर्ड मोबाइलवरून बदलावेत. फोटो व कागदपत्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावीत. डाउनलोड केलेले इन्स्टॉलर (प्रोग्राम बसवणाऱ्या फाइली) मात्र घेऊ नयेत, कारण ही ब्याद बहुधा त्यांच्याबरोबरच घरात आलेली असते. एखादा मराठी फाँट शोधताना पानावर तीन-चार हिरवी ‘डाउनलोड’ बटणे दिसतात, त्यातले चुकीचे दाबले जाते आणि पुढे ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’ करताना टूलबारला आपणच संमती देऊन बसतो.

आता कंट्रोल पॅनेलमध्ये ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’ उघडून यादी ‘इन्स्टॉल्ड ऑन’ या रकान्यानुसार लावावी. त्रास सुरू झाला त्या सुमारास, एकाच तारखेला तीन-चार अनोळखी नावे आलेली दिसली, तर ती काढून टाकावीत. काढताना येणारा प्रत्येक प्रश्न पूर्ण वाचावा, कारण असे प्रोग्राम ‘ठेवा’चे बटण मोठे आणि ‘काढा’चे फिकट ठेवतात.

मग ब्राउझरकडे वळावे. क्रोममध्ये प्रथम सिंक, म्हणजे ब्राउझरची मांडणी गूगल खात्यात साठवणारी सोय, बंद करावे, नाहीतर काढलेले एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) खात्यातून पुन्हा उतरते. त्यानंतर अनोळखी एक्स्टेंशन्स काढून ‘रिसेट सेटिंग्ज’ करावे. त्यात बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. पडद्याच्या कोपऱ्यात येणारे ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला’ असे इशारे तर पुष्कळदा व्हायरस नसतातच. कधीतरी एखाद्या संकेतस्थळाला ‘अलाउ’ म्हटल्यामुळे येणाऱ्या त्या सूचना असतात आणि साइट सेटिंग्जमधील ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन ती परवानगी काढली की थांबतात.

इतके करूनही शोधपान परत येत असेल, तर डेस्कटॉपवरचा शॉर्टकट तपासावा, कारण बहुतेक लोक नेमके हेच विसरतात. क्रोमच्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यात ‘टार्गेट’ हा चौकोन पाहावा. तेथील मजकूर क्रोमच्या फाइलच्या नावापाशी, अवतरणचिन्ह बंद होऊन संपायला हवा. त्यापुढे एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल, तर दोष ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नसून या ओळीत आहे. तेवढा पत्ता खोडावा आणि टास्कबारवरचे चिन्हही याच रीतीने तपासावे. सोबत ‘इंटरनेट ऑप्शन्स’मधील ‘लॅन सेटिंग्ज’मध्ये आपण न लावलेला प्रॉक्सी (आपले इंटरनेट ज्यातून वळवले जाते तो मधला संगणक) सुरू नाही ना, तेही पाहावे.

हाताने करायचे काम झाल्यावर स्कॅन करावे. मालवेअरबाइट्सचे ‘अॅडवक्लीनर’ हे मोफत साधन याच कामासाठी आहे; ते कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही मोफत साधने मिळतात. विंडोज 10 मध्ये ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ची सोय आहे, त्यात संगणक बंद होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपलेल्या प्रोग्रामला आडकाठी करता येत नाही. विंडोज 7 मधील डिफेंडर फक्त स्पायवेअर (हेरगिरी करणारे प्रोग्राम) पाहतो, त्याच्या भरवशावर राहू नये. मात्र कायम चालू राहणारे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत. जुना संगणक त्यांच्याच ओझ्याने बसतो.

विंडोज 7 ची सुरक्षा अद्यतने 14 जानेवारी 2020 रोजी थांबली, विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 7 वर क्रोम 109 च्या पुढे जात नाही. असा संगणक साफ केला तरी दार उघडेच राहते, म्हणून इंटरनेट वापरायचेच असेल, तर त्यावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. विंडोजच हवे असेल आणि वरील सर्व करूनही उपद्रव परतत असेल, तर फॉरमॅट करून ते नव्याने घालावे. त्याआधी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा प्रोग्राम) दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावा. विंडोज 7 नव्याने घातल्यावर बऱ्याचदा इंटरनेटच चालत नाही आणि तो ड्रायव्हर मिळतो नेमका इंटरनेटवर.