मोठी मूळ संख्या तपासताय? या चुका टाळा

मूळ संख्या तपासणारा प्रोग्राम चुकला की आपण आधी सूत्र तपासत बसतो. त्याआधी संख्या आत नीट पोचली का, ते बघा. 2⁶¹−1, म्हणजे 2305843009213693951, ही मूळ संख्या आहे. जावास्क्रिप्टमध्ये ती साध्या नंबरसारखी लिहिली की तिची 2⁶¹ होते, कारण 2⁵³ च्या पुढचे सगळे पूर्णांक तिथे नेमके मावत नाहीत. तपासायला दिली विषम संख्या, तपासली गेली सम! तिथे बिगइंट, म्हणजे कितीही मोठे पूर्णांक नेमके ठेवणारा प्रकारच वापरा.

यापेक्षा फसवी चूक लूपमध्ये असते. विभाजकाचा वर्ग संख्येच्या पुढे जाईपर्यंत भाग देऊन बघायचं, ही रीत बरोबर आहे. 2147483647 घ्या. ही 2³¹−1, ती मूळ असल्याचं ऑयलरने 1772 मध्ये दाखवलं. इथे 46340 पर्यंत गेलं की थांबायला हवं. पण 46341 चा वर्ग 2147488281, आणि तो चिन्हासहित 32 बिटांत बसत नाही. जावात तो ऋण होतो, त्यामुळे लूपला वाटतं की वर्ग अजून लहानच आहे. ते धावत राहतं, शेवटी संख्येला तिनेच भाग जातो आणि उत्तर येतं, 'मूळ नाही'. वर्ग 64 बिटांत करा, एवढंच पुरेसं आहे.

घातांक मूळ आहे म्हणून 2 च्या घातातून 1 वजा केल्यावर मूळ संख्याच मिळेल, हेही धरून चालू नका. 2¹¹−1 = 2047 = 23×89.

आता सगळ्यात महत्त्वाची चूक: फर्माचं छोटं प्रमेय उलटं वापरणं. 2 सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या. 2 चा तिच्याहून एकने कमी इतका घात तिने भागला की बाकी 1 उरते. पण बाकी 1 उरली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. 561 = 3×11×17, तरी 2⁵⁶⁰ ला 561 ने भागून बाकी 1 च येते. 2 ऐवजी 5 घ्या, 7 घ्या, तेच.

संख्या मूळ आहे का हे पारखणारी मिलर-राबिन चाचणी इथेच कामाला येते, आणि ती कशी पकडते हे एकदा हाताने करून बघाच. 560 = 16×35. 2³⁵ ला 561 ने भागून बाकी 263. वर्ग करत गेलं की 166, मग 67, मग 1. म्हणजे 67 च्या वर्गाची बाकी 1 आली. भाजक मूळ असता, तर हे फक्त 1 किंवा 560 च्या बाबतीत घडलं असतं. चोरी इथे उघडी पडते, शिवाय अवयवही हाती लागतो: 67+1 = 68, आणि 68 व 561 यांचा मसावि 17.

64 बिटांपर्यंतच्या संख्यांना 2 ते 37 या बारा मूळ संख्या पाया म्हणून (वर 2 घेतला तशा) घेऊन ही चाचणी केली की निकाल पक्का, अंदाज उरत नाही. फक्त मधले गुणाकार 128 बिटांत करा, नाहीतर बाकी काढण्याआधीच वरचे अंक गळून जातात.