मार्चिंग स्नेअरसाठी काठ्या निवडताना

मार्चिंग स्नेअरचे (संचलन करताना वाजवायच्या, तारा लावलेल्या ड्रमचे) वरचे पान बहुधा केव्हलारसारख्या मजबूत धाग्यांचे आणि अतिशय ताणलेले असते, त्यामुळे ड्रमसेटच्या बारीक काठ्या त्यावर पुरेसा आवाज देत नाहीत आणि लवकर मोडतात. साधारण १७ इंच लांब व ०.७ इंच जाडीची हिकरी या कठीण लाकडाची काठी घ्यावी. मेपलचे लाकूड हलके असल्याने हाताला सुखद वाटते, पण रिमशॉटचे (पान आणि रिम म्हणजे ड्रमची कडा एकाच वेळी वाजवण्याचे) घाव फार काळ सोसत नाही. टोकाच्या आकाराकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण लहान, गोल टोकाने प्रत्येक आघात सुटा व स्वच्छ ऐकू येतो, तर मोठ्या टोकाने नाद भरदार होतो, आणि संपूर्ण रांगेने एकच नमुना वापरला नाही, तर उत्तम वादकांचे वादनही एकजीव वाटत नाही. दुकानात प्रत्येक काठी सपाट काचेवर घरंगळवून वाकडेपणा तपासावा. जोडीतील दोन्ही काठ्यांचे वजन आणि ठोकल्यावर येणारा स्वर जुळतात का, हेही पाहावे. रिमवर झिजणाऱ्या भागाला चिकटपट्टी गुंडाळल्यास काठी अधिक टिकते, परंतु तिचा तोल पुढे सरकतो, म्हणून सराव चिकटपट्टीसहच करावा.