टेक्सासात रात्री रानडुकरांच्या शिकारीला जाताय? थर्मल घेताना या चुका टाळा

खोक्यावरचा ‘डिटेक्शन १,८०० मीटर’ हा आकडा पाहून थर्मल स्कोप (उष्णतेवरून चित्र दाखवणारी रायफलवरची दुर्बीण) घेणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. तेवढ्या लांबून काहीतरी गरम आहे, एवढंच कळतं. हिशोब सोपा आहे: १२ मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर आणि ३५ मिमी लेन्स असेल, तर ३०० मीटरवर एक पिक्सेल साधारण १० सेंटिमीटरचा. मीटरभर लांबीचं डुक्कर जेमतेम दहा ठिपक्यांचं! नवखे मग डिजिटल झूम वाढवतात. ठिपके फुगतात, तपशील तेवढाच राहतो. गवतात बसलेल्या वासराचे पाय दिसत नाहीत आणि ते हुबेहूब डुक्कर वाटतं. गोळी सुटते, सकाळी रँचमालक वासराची भरपाई मागतो आणि त्या रँचचं फाटक कायमचं बंद होतं. म्हणून १०० मीटरच्या आत जा. जनावर उठून चालेपर्यंत थांबा. खाली झुकलेलं मुस्काट आणि पाठीची रेघ स्पष्ट दिसल्याशिवाय ट्रिगरला बोट लावू नका. घाई असेल त्याने घरीच बसावं.

दुसरी चूक तर मला अजिबात सहन होत नाही: रायफलवरच्या स्कोपमधून रान धुंडाळणं. स्कोप जिथे वळतो तिथे नळीही वळते, मग समोर गाय असो, घर असो की सोबती. आधी हातातला थर्मल मोनोक्युलर (एका डोळ्याची दुर्बीण) घ्या, भले ३८४ × २८८ पिक्सेलचा. स्कोपचं बजेट कमी करावं लागलं तरी चालेल.

गाडीच्या काचेतून थर्मलला बाहेरचं दिसत नाही, काच उतरवा.

धुक्यात आणि पावसात चित्र पांढुरकं होतं. सेटिंगशी झटू नका, परत फिरा.

थर्मलऐवजी डिजिटल नाइट व्हिजन घेतलं, तर त्याला इन्फ्रारेड टॉर्च लागतो. ८५० नॅनोमीटरचा लांब पोचतो, पण त्याचा लालसर ठिपका दिसतो. ९४० चा दिसत नाही, पोचही कमी. समोर उंच गवत असेल तर उजेड तिथूनच परततो.

अंधारात कागदी टार्गेट थर्मलला नीट दिसत नाही. मध्यभागी हँड वॉर्मरची पुडी चिकटवून झिरो करा, म्हणजे स्कोपचा नेम गोळी लागते तिथे जुळवून घ्या.

थर्मल अधूनमधून चित्र आपोआप नीट करून घेतो (कॅलिब्रेशन), तेव्हा आतल्या शटरचा ‘टिक’ आवाज होऊन चित्र क्षणभर थिजतं. ते मॅन्युअलवर ठेवा आणि जवळ जाण्याआधीच उरकून घ्या.

खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल, तर २०१९ पासून टेक्सासात डुकरांसाठी शिकारीचा परवाना लागत नाही. हरणांना मात्र रात्री हात लावायचा नाही. आणि हा स्कोप बॅगेत टाकून भारतात नेऊ नका. अमेरिकेचे निर्यात नियम त्याला लागू होतात.