जुना रॉक अल्बम मित्रांसोबत पुन्हा ऐकायचा तर

बीटल्सचा 'ॲबी रोड' मी पहिल्यांदा ऐकला तो एका मित्राने भरून दिलेल्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर. पहिल्या बाजूला शेवटी 'आय वॉन्ट यू' आहे. पावणेआठ मिनिटांचं गाणं. उत्तरार्धात गिटारची तीच ओळ पुन्हा पुन्हा, मागे वाऱ्यासारखा घोंघावणारा आवाज वाढतच चाललेला, आणि ऐन भरात खट्. पुढे काही नाही. मी मित्राला भरपूर शिव्या घातल्या. बटण जरा उशिरा दाबायला याचं काय जात होतं?

बऱ्याच वर्षांनी मूळ तबकडी ऐकली, तर तिथेही खट्. १९६९ साली बँडनेच ते तसं कापलंय.

त्याची माफी मागण्याच्या निमित्ताने आम्ही चौघं जमलो, अख्खा अल्बम ऐकला, आणि आता दोन वर्षं होत आली, महिन्यातून एक अल्बम असा आमचा क्रम चालू आहे. चुका भरपूर केल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

जुना अल्बम लावला की बहुतेक वेळा आपण तो ऐकतच नाही, नुसता आठवतो. डीप पर्पलचा 'मशीन हेड' (१९७२) मला तोंडपाठ आहे अशी माझी समजूत होती. 'स्मोक ऑन द वॉटर'ची ती सुरावट कोण विसरेल? पण त्या सुरावटीला गिटारच्या जोडीने जो दुसरा खरखरीत आवाज येऊन मिळतो, तोही गिटारच आहे असं मी पंचवीस वर्षं धरून चाललो होतो. तो जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन. तो माणूस ऑर्गन गिटारच्या अँप्लिफायरमधून वाजवायचा, म्हणून तसा गुरगुरतो. हे मला सांगितलं कुणी, तर हा अल्बम आयुष्यात पहिल्यांदा ऐकणाऱ्या मित्राने. "हा ऑर्गन कसला भारी आहे रे," म्हणाला, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

म्हणून पहिली गोष्ट माणसांची. चार-पाच जण पुरे. त्यात निदान एकाने तरी तो अल्बम कधीच ऐकलेला नसावा. जाणकार नाही मिळाला तरी चालेल, कोरा कान मात्र हवाच.

अल्बम कोणता यावर मतदान घेऊ नका. मतदानात दर वेळी तेच पाच अल्बम जिंकतात. पाळी लावा. ज्याची पाळी त्याचा शब्द शेवटचा, आणि कुणी नाक मुरडायचं नाही. निवडणाऱ्याने आधीचे पंधरा दिवस स्वतः तो अल्बम लावायचा नाही. सुरुवात चाळीसेक मिनिटांच्या अल्बमने करा. आम्ही तिसऱ्याच महिन्यात रोलिंग स्टोन्सचा 'एक्साइल ऑन मेन स्ट्रीट' घेतला. दोन तबकड्या, चार बाजू, सत्तर मिनिटांच्या आसपास. तिसऱ्या बाजूला एक जण चक्क घोरत होता. अल्बम उत्तमच आहे, पण एकत्र बसून ऐकायची सवय लागण्याआधी तो नको.

कोणती प्रत?

इथे लोक सगळ्यात जास्त घसरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ॲपवर अल्बमचं नाव टाका, एकाच नावाच्या सहा-सात आवृत्त्या समोर येतात. रीमास्टर (जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने जुळवलेली), डीलक्स (जादा गाणी जोडलेली), अमुक वर्षपूर्तीची, तमुक वर्षपूर्तीची. आम्ही डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' (१९८५) घेतला तेव्हा कुणी घरी तबकडीवर ऐकून आलं होतं, कुणी सीडीवर. एक गाणं शेवटी किती वेळ रेंगाळतं यावर अर्धा तास वाद झाला. दोघंही बरोबर होते. सीडी साधारण पंचावन्न मिनिटांची आहे, तबकडीवर मात्र तेवढं मावत नाही म्हणून काही गाणी कापून आखूड केलेली. तेव्हापासून कोणती प्रत ऐकायची हे आम्ही आधीच ठरवतो आणि तिचा दुवा सगळ्यांना पाठवतो.

साठच्या दशकातल्या अल्बमांना आणखी एक भानगड आहे, मोनो आणि स्टीरिओची. मोनोत दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो, स्टीरिओत डावीकडे एक आणि उजवीकडे वेगळा. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' १९६६ साली मोनोतच आला. ज्याच्या डोक्यातून तो निघाला त्या ब्रायन विल्सनला उजव्या कानाने ऐकूच येत नव्हतं. खरा स्टीरिओ नव्वदच्या दशकात बनवला गेला. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'च्या (१९६७) वेळी बँडने जीव ओतला तो मोनोवर. फरक ऐकायचा असेल तर 'शीज लीव्हिंग होम' हे घर सोडून जाणाऱ्या मुलीचं गाणं दोन्हींत लावून बघा. मोनोमध्ये गाणं थोडं वेगात जातं आणि सूरही वर चढतो. स्टीरिओमध्ये तेच गाणं जड पावलांनी चालतं. मुलगी एकच, घर एकच, पण एकात ती पटकन निसटते आणि दुसऱ्यात दारापाशी घुटमळते. मला घुटमळणारी जास्त आवडते, आमच्यातल्या मोनोभक्ताला हे अजिबात पटत नाही.

डीलक्स आवृत्तीच निघाली तर मूळ अल्बम जिथे संपतो तिथे थांबा. मागची कच्ची रेकॉर्डिंग आणि मैफलीतली गाणी पुन्हा कधीतरी. शेवटच्या गाण्यानंतर खोलीत जी शांतता होते, तीही अल्बमचाच भाग आहे. तिच्यावर लगेच 'टेक टू' आदळला की सगळा रस जातो.

दोन रीमास्टरची तुलना करायची असेल तर आधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्या. जे मोठ्याने वाजतं ते चांगलं, असं कान आपल्याला फसवतो. नव्वदच्या दशकापासून पुढच्या बऱ्याच रीमास्टरमध्ये हळू आणि जोरात यांतलं अंतर दाबून सगळंच मोठं केलेलं असतं. पहिल्या मिनिटाला वाटतं, वा! विसाव्या मिनिटाला कान शिणतात.

लावण्याआधी

शफल बंद. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता त्यात पुढचं मिसळणं, शून्यावर. दोन गाण्यांमध्ये फट न पाडणारी सेटिंग, ज्याला ॲपवाले गॅपलेस म्हणतात, ती चालू. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये (१९७३) गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, तिथे फट पडली की ठेच लागल्यासारखं होतं. ज्या फोनवरून वाजवताय तो विमान मोडवर टाका किंवा निदान मुका करा. आमच्या एका बैठकीत अगदी हळव्या जागी कुणाच्या तरी कर्जाच्या जाहिरातीचा फोन स्पीकरवर वाजला.

आवाज किती ठेवायचा हे अल्बममधली सगळ्यात मोठ्याने वाजणारी जागा लावून ठरवा. ही चूक माझी स्वतःची. 'डार्क साइड'ची सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी होते, आणि ते इतके हळू येतात की स्पीकर बिघडलाय की काय असं वाटतं. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. पुढे 'टाइम'च्या तोंडाशी सगळी घड्याळं एकदम वाजायला लागतात. रेकॉर्डिंग करणाऱ्या ॲलन पार्सन्सने घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेकाचा आवाज टिपून आणला होता. त्या वेळी आमचा एक मित्र डोळे मिटून, स्पीकरला डोकं लावून जमिनीवर आडवा झाला होता. तो जो उडाला, तो आता स्पीकरपासून सहा फूट लांबच बसतो.

एखादा मित्र लांब असेल तर कॉलवरून त्याला गाणी ऐकवू नका. कॉलची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी असते, संगीताला ती गोंगाट समजून छाटत बसते. त्याने आपली प्रत आपल्याकडे लावावी. तीन, दोन, एक म्हणून सगळ्यांनी एकदम सुरू करायचं आणि माइक बंद ठेवायचे.

ऐकताना

एक बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. हा नियम सगळ्यांना जाचक वाटतो आणि पहिल्या दोन महिन्यांत सगळे तो मोडतात. "आता ऐक, आता येतंय बघ" असं म्हणणारा प्रत्येक गटात एक असतो. आमच्यात तो मीच.

'बाजू' मुद्दाम म्हणतोय. मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं नीट मावतात. त्यामुळे त्या काळच्या अल्बमला दोन सुरुवाती आणि दोन शेवट असत. लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमची (१९७१) पहिली बाजू 'स्टेअरवे टू हेवन'वर संपते. तबकडीवर ते संपलं की उठून बाजू पालटेपर्यंत श्वास घ्यायला वेळ मिळायचा. सीडीवर आणि ॲपवर लगेच 'मिस्टी माउंटन हॉप' अंगावर येतं. तेव्हा जिथे बाजू संपते तिथे हाताने थांबवा. पाच मिनिटं उठा, पाय मोकळे करा. बाजू कुठे पालटते हे आधी शोधून कागदावर लिहून ठेवा, ॲप ते दाखवेलच असं नाही.

या जागेच्या टंचाईने अल्बमांचं बरंच काही ठरवलं आहे. तबकडीच्या मध्याकडे जाताना सुईखालून खाच सरकण्याचा वेग कमी होतो, बारीक तीव्र आवाज बोथट होतात, म्हणून बाजूच्या शेवटी पुष्कळदा संथ गाणं टाकत. फ्लीटवुड मॅकच्या 'रूमर्स'मधून (१९७७) बँडची गायिका स्टीव्ही निक्स हिचं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' गळलं, त्यात त्याच्या लांबीचा मोठा हात होता.

प्रत्येकाला एक कागद द्या. त्यावर तीनच गोष्टी लिहायच्या: आजवर न ऐकलेली एक जागा, मिनिट-सेकंदासकट. आठवणीपेक्षा लहान निघालेलं एक गाणं. आणि एक प्रश्न. "मस्त", "भारी", "काय दिवस होते ते" असं लिहिलेला कागद आम्ही परत करतो.

अल्बम संपला की त्यातलं एक गाणं निवडून दुसऱ्यांदा लावा, आणि या खेपेला एकेकाने एकेक वाद्य वाटून घ्या. एकाने फक्त बेस (खालच्या सुरांची गिटार) धरायचा, एकाने फक्त ड्रम्स. झेपलिनच्या त्याच अल्बममधलं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या खेळाला छान आहे. जॉन बॉनमचे ड्रम्स हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिन्याखालच्या दालनात मांडले होते आणि माइक वर जिन्यावरून सोडले होते. नुसत्या ड्रम्सवर कान ठेवला की ते घर किती उंच असेल ते कळतं.

पिंक फ्लॉइडच्या 'मनी'त मात्र ठेका मोजा. सातचा आहे. आमच्यात एक जण लहानपणी तबला शिकलेला, त्याने लगेच रूपक तालासारखं बोटांवर धरलं आणि रुबाबात मोजत बसला. सॅक्सोफोन होईपर्यंत जमलं. गिटार सुरू झाली आणि बोटं चुकायला लागली. पुन्हा लावलं, पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात आलं की गिटारच्या भागात गाणं गुपचूप चारात शिरतं आणि नंतर परत सातात येतं. पन्नाशीला आलेला माणूस एवढा खूश झालेला मी क्वचित पाहिलाय.

गाण्याचे शब्द दुसऱ्या खेपेलाच वाचा. शाळा-कॉलेजात आपण जे काही ऐकू येईल ते बिनधास्त गात होतो, त्यातली निम्मी अक्षरं कुठल्याच भाषेतली नव्हती. द हू या बँडचं 'बाबा ओ'राइली' (१९७१) आम्ही वर्षानुवर्षं भलत्याच नावाने मागत होतो, कारण गाण्याचं नाव गाण्यात कुठे येतच नाही. ते मेहेरबाबा आणि संगीतकार टेरी राइली या दोघांच्या नावांवरून आलंय.

नंतर बोलताना

किस्से शेवटी. कुणी कुणाशी भांडलं, कुणाचा घटस्फोट झाला, हे आधी सांगितलं की सगळे गाण्यात पुरावे शोधत बसतात. 'रूमर्स'चं आमचं तेच झालं. बँडमधल्या दोन जोड्या तेव्हा फुटत होत्या हे निवडणाऱ्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं, आणि आम्ही संगीत सोडून कोण कुणाला टोमणा मारतंय एवढंच ऐकत राहिलो. 'द चेन'मध्ये शेवटाकडे सगळं थांबून एकटा बेस पुढे येतो, तो कुणाच्याच कागदावर नव्हता! महिनाभराने तो अल्बम पुन्हा लावावा लागला.

एखाद्याचा जीव की प्राण असलेला अल्बम बाकीच्यांना पडेल वाटला, तर वाटू द्या. फक्त नापसंती जागा दाखवून सांगायची. "कंटाळवाणा आहे" हे चालणार नाही, "दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं पहिल्या कडव्यानंतर पुढे सरकत नाही" हे चालेल.

आणि शेवटचं गाणं झालं म्हणून लगेच बंद करायला धावू नका. 'ॲबी रोड'मध्ये 'दि एंड' नावाचं गाणं होतं, मग काही सेकंद काहीच नाही, आणि मग तेवीस सेकंदांचं 'हर मॅजेस्टी' अचानक उगवतं. पहिल्या बैठकीला कॅसेटवाला मित्र 'दि एंड' झाल्यावर उठला, बटणाकडे हात नेला, मी तो धरला. गाणं आलं. शेवटचा सूर लागायच्या आत तेही तुटलं.

"हे पण मी कापलेलं नाही हं," तो म्हणाला.