पूरसंरक्षक बांध मजबूत करताना या चुका टाळा

सखल वस्तीत पुराचे पाणी शिरले की पाणी ओसरण्यापूर्वीच बांधाची उंची वाढवण्याची मागणी सुरू होते. पाणी बांधाच्या माथ्यावरूनच आले असणार, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. काही वेळा ते खरेही असते, पण अनेक बांध माथ्यापर्यंत पाणी पोहोचण्याआधीच फुटलेले आहेत. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसी नदीचा तटबंध फुटला, तेव्हा नदीत सुमारे १ लाख ४४ हजार क्युसेक पाणी होते आणि तटबंध साडेनऊ लाख क्युसेक गृहीत धरून बांधलेला होता. प्रवाह तटबंधाच्या पायथ्याला भिडला होता आणि तेथील झीज वेळेत रोखली गेली नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात २००५ च्या कतरिना वादळात सतराव्या रस्त्याच्या कालव्याची पूरभिंतही पाणी तिच्या माथ्याखाली असतानाच कोसळली. पाण्याच्या दाबाने भिंत वाकली, भिंत आणि माती यांच्यात फट पडून तिच्यात पाणी शिरले आणि खालच्या मऊ चिकणमातीवरून बांधाचा भाग सरकला. या दोन्ही ठिकाणी माथा आणखी एक मीटर उंच असता तरी फरक पडला नसता.

म्हणून कामाचा आराखडा करताना बांध किती उंच हवा हे ठरवण्याआधी पाणी कोणत्या वाटेने पलीकडे जाऊ शकते हे शोधावे. अशा वाटा चार असतात, त्या म्हणजे माथ्यावरून, बांधाच्या अंगातून, पायाखालून आणि सांध्यांतून. पुढील चुकांपैकी बहुतेक चुका यांपैकी एखादी वाट विसरल्यामुळे होतात.

उंची वाढवली, पण रुंदी तीच ठेवली

ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, आणि जागेची टंचाई असली की ती मुद्दामही केली जाते. जुन्या माथ्यावर मातीचा आणखी एक थर चढवला जातो, उतार पूर्वीपेक्षा उभा होतो आणि लांबून पाहणाऱ्याला बांध अधिक भक्कम वाटतो. प्रत्यक्षात त्याच पायावर वजन वाढलेले असते, अडवलेल्या पाण्याचा दाबही वाढलेला असतो आणि वस्तीकडचा उतार घसरण्याच्या अधिक जवळ आलेला असतो. नेदरलँड्समध्ये ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी १९५३ दरम्यानच्या रात्री समुद्राच्या उधाणाने १,८३६ माणसे दगावली. तेथील कित्येक बांधांचा वस्तीकडचा उतार फार उभा होता. माथ्यावरून पडणाऱ्या पाण्याने आणि आत मुरलेल्या पाण्याने तो आतल्या बाजूने ढासळत गेला आणि शेवटी माथाच उरला नाही. त्यानंतर तेथे आतला उतार सौम्य, साधारणपणे १ मीटर उंचीला ३ मीटर किंवा त्याहून अधिक आडवा ठेवण्याकडे कल झाला.

माथा एक मीटरने वाढवायचा आणि उतार १:३ कायम ठेवायचा असेल, तर दोन्ही बाजूंना मिळून पायथा सहा मीटरने रुंद करावा लागतो. तेवढी जागा नसेल, तर उंची वाढवण्याचा विचार सोडून संपूर्ण आखणीच पुन्हा करावी. बांध थोडा मागे घेता येतो किंवा मोजक्या लांबीत पत्रीखुंटांची, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या, एकमेकांत अडकणाऱ्या पोलादी पत्र्यांची भिंत उभारता येते. अर्ध्या रुंदीत पूर्ण उंची बसवण्याचा मात्र मार्ग नाही. मऊ जमिनीवर नवा भराव कित्येक वर्षे खचत राहतो, त्यामुळे खचण्याचे अपेक्षित प्रमाण सुरुवातीलाच उंचीत धरावी आणि माथ्याची पातळी दर काही वर्षांनी विश्वासार्ह संदर्भखुणेवरून, म्हणजे उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून, मोजावी. संदर्भखूण स्वतःच खचत असेल, तर कागदावरचा बांध प्रत्यक्षापेक्षा उंच राहतो. न्यू ऑर्लिन्समध्ये काही भिंती ठरल्यापेक्षा बुटक्या निघाल्या, त्यामागे हेही एक कारण होते.

पायाखालच्या वाळूचा विचार केला नाही

नदीकाठची जमीन वरवर चिकणमातीची दिसते, पण तिच्याखाली जुन्या पात्राची वाळू असणे नेहमीचेच आहे. पूर वाढला की नदीतील पाण्याचा दाब या वाळूतून वस्तीकडे पोहोचतो आणि वरचा मातीचा थर पातळ असेल तेथे तो उचलून पाणी बाहेर पडते. शेतात किंवा चरात वाळू उसळून पाणी उकळल्यासारखे दिसू लागते. पाण्यासोबत वाळूही येत असेल, तर तेथून बांधाच्या दिशेने पोकळ नळी तयार होत आहे असे समजावे. ही नळी नदीपर्यंत पोहोचली की वरचा कितीही चांगला भराव खाली बसतो.

या धोक्याचा ढोबळ अंदाज घेण्यासाठी ब्लाय या अभियंत्याने १९१० मध्ये मांडलेला नियम अजूनही समजायला सोपा आहे. पाण्याला पायाखालून जेवढा आडवा प्रवास करावा लागतो, तो दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतील फरकाच्या ठरावीक पट असला पाहिजे, आणि बारीक वाळूसाठी ही पट १५ धरली जाते. बांध ४ मीटर उंच, माथा ४ मीटर रुंद आणि दोन्ही उतार १:३ असतील, तर पायथा २८ मीटर भरतो. पाणी वस्तीच्या जमिनीपेक्षा ३ मीटर वर असताना प्रवास ४५ मीटरचा हवा, म्हणजे हा बांध १७ मीटरने कमी पडतो. आता कोणी फक्त माथा वाढवून ४ मीटर पाणी अडवायचे ठरवले, तर गरज ६० मीटरची होते. आज याहून काटेकोर पद्धती वापरात आहेत आणि अंतिम आराखडा त्यांनीच करावा, तरीही या साध्या आकडेमोडीतून उंची वाढवणे घातक का ठरू शकते ते दिसते.

उपाय दोन दिशांनी करता येतो. नदीकडच्या बाजूला चिकणमातीचा थर पसरून किंवा वाळूच्या थरातून खाली जाणारी अडवणारी भिंत घालून पाण्याचा प्रवास लांबवता येतो. वस्तीकडे पायथ्यालगत मातीची रुंद पायरी टाकून जमीन उचलली जाणार नाही एवढे वजन ठेवता येते, किंवा दाब कमी करणाऱ्या विहिरी आणि गाळणीयुक्त चर देता येतात. बोअर घेऊन जमिनीचे थर पाहिल्याशिवाय यांतील कोणता उपाय निवडावा हे सांगता येत नाही. खर्च वाचवण्यासाठी हे बोअर टाळणे ही माझ्या मते या संपूर्ण कामातील सर्वांत महाग काटकसर आहे.

भरावाची माती पायथ्याजवळूनच खणली

वाहतूक वाचते म्हणून बांधालगतच खड्डे खणून तीच माती वर टाकली जाते. पाण्याचा दाब रोखून धरणारा चिकणमातीचा वरचा थर असा खणून काढला की वाळू उघडी पडते आणि आधीच कमी असलेला प्रवास आणखी कमी होतो. खड्डा नदीकडे असला तरी पाणी वाळूत शिरण्याची जागा बांधाच्या जवळ येते. मातीची खाण बांधापासून किती दूर हवी हे थरांच्या तपासणीवरून ठरवून आराखड्यात लिहून द्यावे. पायथ्याजवळ जुनी तळी, विहिरी किंवा मासेपालनाचे खड्डे असतील, तर नवे काम सुरू होण्यापूर्वी ते योग्य मातीने भरून घ्यावेत.

जुन्या बांधावर नवी माती नुसती ओतली

गवत, मुळे आणि भुसभुशीत वरची माती न काढता नवा भराव टाकला की दोहोंच्या मध्ये एक निसरडा पापुद्रा राहतो. पाणी त्याच पापुद्र्यातून वाट काढते आणि नवा भाग त्याच्यावरूनच घसरतो. जुन्या उतारावरील वरचा थर काढून त्यात आडव्या पायऱ्या कापाव्यात, पृष्ठभाग खरवडून ओलसर करावा आणि नवा भराव आडव्या थरांत पायऱ्यांमध्ये गुंतवत न्यावा.

दबाईतही घाई होते. सुटी माती साधारण २० ते २५ सेंटिमीटर जाडीच्या थरात पसरून शीपफूट रोलरने (खुंट्या असलेल्या जड रोलरने) दाबावी आणि प्रमाणित प्रॉक्टर चाचणीतील, म्हणजे माती ठरावीक पद्धतीने ठोकून दाबण्याच्या प्रयोगशाळेतील चाचणीतील, कमाल घनतेच्या किमान ९५ टक्के घनता मिळाल्याशिवाय पुढचा थर टाकू नये. माती फार कोरडी असेल तर ढेकळांमधील पोकळ्या तशाच राहतात, फार ओली असेल तर ती रोलरखाली रबरासारखी हलते. काही चिकणमाती पाण्यात आपोआप विरघळल्यासारखी पसरते. अशा मातीचा बांध एका बारीक भेगेतून काही तासांत पोखरला जाऊ शकतो. तिची प्राथमिक ओळख सोपी आहे. मातीचा खडा शुद्ध पाण्याच्या भांड्यात अलगद सोडावा आणि न ढवळता त्याच्याभोवती गढूळ वलय पसरते का ते पाहावे. पसरत असेल तर ती माती प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय वापरू नये.

वस्तीकडची बाजू सिमेंटने बंद केली

ओल दिसते म्हणून वस्तीकडच्या उतारावर काँक्रीटचे अस्तर घातले जाते. अस्तराने ओल दिसायची थांबते, पण पाणी आत अडकून बांधाच्या अंगातील पातळी वाढते आणि माती अधिक दुबळी होते. पाणी नदीच्या बाजूला अडवावे आणि वस्तीच्या बाजूला गाळून सोडावे, म्हणजे पाणी बाहेर येईल पण मातीचा कण येणार नाही, हे तत्त्व येथे पाळावे लागते. त्यासाठी पायथ्याशी वाळू आणि खडीची क्रमवार गाळणी किंवा योग्य जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड) लागते. मोठे दगड थेट मातीवर रचले तर त्यांच्या फटींतून माती वाहून जाते. नदीकडच्या पिचिंगखालीही (उतारावरील दगडी अस्तराखालीही) गाळणीचा थर नसेल, तर लाटा दगडांमागची माती ओढून नेतात आणि दगड खाली बसतात.

नळ, दरवाजे आणि बिळे

बांध जेथे एकसंध नसतो तेथे तो बहुधा आधी हरतो. पाण्याचा निचरा करणाऱ्या नळाच्या खालच्या दोन्ही कुशींत रोलर पोहोचत नाही आणि तेथे सैल माती राहते. पूर्वी नळाभोवती काँक्रीटची कडी घालण्याची पद्धत होती, पण कड्यांमुळे दबाई आणखी कठीण होते, म्हणून आता नळाच्या वस्तीकडच्या भागाभोवती वाळूची गाळणी देण्याकडे कल आहे. निचऱ्याच्या झडपा पावसाळ्यापूर्वी प्रत्यक्ष उघडून आणि बंद करून पाहाव्यात, कारण एक लाकडाचा तुकडा अडकलेली झडप म्हणजे वस्तीच्या दिशेने उघडा नळच असतो. मातीचा बांध जेथे काँक्रीटच्या भिंतीला मिळतो, तो सांधाही असाच तपासावा.

इटलीमध्ये जानेवारी २०१४ मध्ये सेक्किया नदीचा बांध फुटला, त्यामागे वन्य प्राण्यांची बिळे हे कारण अभ्यासकांनी दाखवले. बिळाचे तोंड मातीने लिंपणे पुरेसे नसते. बीळ पूर्ण लांबीत खणून थरांत दाबून भरावे लागते. झाडांबाबत उलटी चूक होते. झाड कापून बुंधा आत ठेवला की मुळे कुजून पोकळ्या राहतात, म्हणून बुंधा आणि जाड मुळे काढून तो खड्डाही दाबून भरावा.

पूर सुरू असताना काय करू नये

वाळू उसळू लागली की त्यावर पोती टाकून ती दाबून बंद करण्याची इच्छा होते. तसे केल्यास पाणी शेजारी दुसरीकडून फुटते. उसळीभोवती पोत्यांचे गोल कडे रचून त्यात पाणी साचू द्यावे. आतली पातळी वाढली की दाबातील फरक कमी होतो आणि पाणी स्वच्छ वाहू लागते. पाणी स्वच्छ झाले की कडे आणखी वाढवू नये. जास्तीचे पाणी बाहेर जाण्यासाठी सांडवा ठेवावा. गढूळ पाणी ही धोक्याची खूण असते, तर स्वच्छ पाण्यावर लक्ष ठेवणे बहुधा पुरते, तरी प्रवाह वाढतो आहे का ते नोंदवत राहावे.

प्लॅस्टिकचे कापड वस्तीच्या बाजूला पसरणे निरुपयोगी आणि घातक असते. ते पाण्याच्या बाजूला, खालून वजन देऊन लावावे. भिजलेल्या माथ्यावरून मातीचे भरलेले ट्रक नेऊ नयेत. पोती अर्ध्याहून थोडी अधिकच भरावीत म्हणजे ती एकमेकांत बसतात, आणि रचाईचा तळ उंचीच्या सुमारे तिप्पट रुंद ठेवावा. एकावर एक रचलेली एकेरी रांग पहिल्या लाटेला पडते. वस्तीकडच्या उतारावर माथ्याला समांतर भेग दिसली किंवा पायथा फुगला, तर दुरुस्तीची चर्चा करण्याआधी खालच्या घरांतील माणसे हलवावीत.

पाणी ओसरले म्हणून तपासणी थांबवली

नदी वेगाने उतरते तेव्हा बांधाच्या अंगातले पाणी तेवढ्या वेगाने बाहेर पडत नाही. आधार देणारे बाहेरचे पाणी गेलेले असते आणि भिजलेली माती जड झालेली असते, त्यामुळे नदीकडचा उतार पूर संपल्यानंतर घसरतो. ओसरल्यानंतरचे काही दिवस या बाजूची पाहणी करावी. पुरात जेथे वाळू उसळली किंवा ओल दिसली, तेथे त्याच वेळी खुंट ठोकून आणि नकाशावर नोंद करून ठेवावी, कारण महिन्याभरात गवत वाढले की ती जागा कोणालाही सापडत नाही आणि पुढचे मजबुतीकरण भलत्याच ठिकाणी होते.

कोरड्या काळातही बांध धोक्यात येतो. नेदरलँड्समधील विल्निस येथे ऑगस्ट २००३ मध्ये, प्रदीर्घ उन्हाळी कोरडेपणानंतर, पीट मातीचा (कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या मातीचा) कालव्याचा बांध सरकला. वाळल्यामुळे पीट हलके झाले होते आणि कालव्यातील नेहमीच्या पाण्याचा दाब त्याला पेलवला नाही. त्यामुळे वार्षिक पाहणीच्या तारखा ठरवताना एक फेरी पावसाळ्याच्या तोंडावर आणि एक ऐन कडक उन्हाळ्यात ठेवावी, आणि दुसऱ्या फेरीत माथ्यावरील भेगांची लांबी, रुंदी आणि खोली प्रत्यक्ष मोजून मागील वर्षाच्या नोंदीशी ताडून पाहावी.