टमी टक करायचं ठरवताय? या चुका टाळा

माझ्या वहिनीचं टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी कापून पोट आवळून घेण्याचं ऑपरेशन, झालं तेव्हा सोबतीला मी होते. दुसऱ्या दिवशी तिला पलंगावरून उठवायला दोघी लागल्या आणि उठल्यावर ती कमरेत वाकूनच चालली. कातडी ओढून शिवलेली असल्यामुळे आठवडाभर तरी ताठ उभं राहता येत नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, पण तिने ‘दोन दिवसांत घरी’ एवढंच ऐकलं होतं.

आपलं पोट कशाने सुटलंय हे न बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. पोट सैल कातडीमुळे दिसतं, मधोमध फाकलेल्या स्नायूंमुळे दिसतं, नाहीतर चरबीमुळे. चरबीही दोन जागी असते: कातडीखाली, जी चिमटीत येते, आणि स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती.

टमी टकमध्ये बेंबीखालची जादा कातडी चरबीसकट कापतात, स्नायू टाके घालून जवळ आणतात आणि वरून ओढून घेतलेल्या कातडीत बेंबीसाठी नवं भोक पाडतात. लायपोसक्शन फक्त कातडीखालची चरबी ओढून काढतं. सैल कातडी तशीच राहते, कधी आणखी लोंबते. आतल्या चरबीला या दोन्ही शस्त्रक्रिया हात लावत नाहीत. त्यामुळे ज्यांचं पोट मडक्यासारखं टणक आहे, उताणं झोपलं तरी खाली बसत नाही, त्यांनी हा खर्च करू नये. आपल्याकडच्या बऱ्याच पुरुषांचं पोट असंच असतं. त्याला खाणं आणि चालणंच लागतं.

स्नायूंचा अंदाज घरी घेता येतो. उताणं झोपा, गुडघे दुमडा, बेंबीच्या जरा वर बोटं टेकवा आणि डोकं किंचित उचला. दोनपेक्षा जास्त बोटं मावतील एवढी फट लागली तर स्नायू फाकलेले असू शकतात. बाळंतपणानंतर ही फट काही महिन्यांत आपोआप बरीच भरते, म्हणून आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. खोकल्यावर बेंबीशी गाठ फुगत असेल तर हर्नियाची तपासणी आधी.

घाई

दुसरं मूल हवं असेल तर थांबा. पुढच्या गरोदरपणात ते टाके आणि कातडी पुन्हा ताणली जाते. वजन किमान सहा महिने एका जागी टिकलेलं हवं. बॅरिएट्रिक (वजन घटवण्याची) सर्जरी झाली असेल तर त्यानंतर साधारण दीड वर्ष थांबा. दिराच्या लग्नातल्या फोटोंसाठी तर मुळीच नको.

पाटी बघून डॉक्टर निवडणं

‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ म्हणजे सर्जन नव्हे. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी आहे का, मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का, भूलतज्ज्ञ कोण, आयसीयू कुठे, हे तोंडावर विचारा. ‘आजच बुक केलं तर सूट’ म्हणणाऱ्याकडून उठून या, साडीचा सेल नाही हा.

आधीचे-नंतरचे फोटो दाखवतात, त्यात वर्षभरानंतरचा व्रण मागा. तो एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत जातो, सिझेरियनच्या व्रणाच्या कितीतरी पुढे. कान टोचल्यावर किंवा जुन्या जखमेवर जाड गाठ आली असेल तर ते आवर्जून सांगा.

मिश्री लपवणं

सिगारेट बायका कबूल करतात, मिश्री नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि शिवलेल्या कातडीची कड काळी पडून जखम उकलू शकते. मिश्री, गुटखा, विडी, सगळं किमान चार आठवडे आधी आणि नंतरही बंद. गर्भनिरोधक गोळ्या, ॲस्पिरिन, वैद्यांची चूर्णं, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर तेही, काहीच लपवू नका.

फक्त ऑपरेशनचाच हिशोब धरणं

सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही आणि इतर उपचारांसारखी जीएसटीची माफीही मिळत नाही. पोटाला बांधायचा पट्टा, औषधं, बिनपगारी रजा, पुन्हा टाके घालावे लागले तर त्याची फी, हे वेगळंच.

आणि घर. जखमेतलं पाणी काढायला पोटातून दोन नळ्या बाहेर, टोकाला डबे. रोज सकाळी किती मिली पाणी जमलं ते वहिनी कॅलेंडरच्या मागे लिहायची. ते पुरेसं कमी होईपर्यंत नळ्या निघत नाहीत. पट्टा साधारण सहा आठवडे, आणि तेवढे दिवस भरलेली बादली, सिलिंडर, कडेवरचं मूल, काहीच उचलायचं नाही. घरी भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. बेंबीखाली कित्येक महिने बधिर असतं, म्हणून तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलं तरी कळत नाही.

एका पायाची पोटरी दुखून सुजली, दम लागला किंवा छातीत दुखलं तर पायात रक्ताची गुठळी झालेली किंवा ती फुफ्फुसात गेलेली असू शकते. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा, सकाळी डॉक्टरांना फोन करू म्हणून थांबू नका.