मोरटन उपसागरातले मासे कसे पाहावेत

ब्रिस्बेनलगतच्या मोरटन उपसागरात मासे पाहायला जाणाऱ्याने आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे आणि मगच जागा ठरवावी. पूर्वेकडे मोरटन आणि नॉर्थ स्ट्रॅडब्रोक ही वाळूची बेटे असून त्यांच्या मधून भरतीबरोबर महासागराचे नितळ पाणी आत येते. पश्चिमेकडे मात्र ब्रिस्बेन नदीच्या गाळाने पाणी गढूळ असते. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर काठावरूनच मासे पाहावेत आणि पोहण्यासाठी पूर्व बाजू निवडावी.

काठावरून पाहण्यासाठी विनम या ब्रिस्बेनच्या उपनगरातल्या खारफुटीतली लाकडी पायवाट उत्तम आहे. भरती सुरू होण्याच्या सुमारास तिथे पोहोचावे, पाण्यावरची चकाकी कमी करणारा पोलराइज्ड चष्मा लावावा, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये आणि निश्चल उभे राहावे. पाणी खारफुटीच्या श्वसनमुळांमध्ये शिरू लागले की त्याच्या पुढच्या कडेबरोबरच खाद्य शोधणारे टोडफिश, ब्रीमची पिल्ले आणि बोय आत येतात. खाडीकाठी वाढलेल्या मराठी माणसाला बोय ओळखायला वेळ लागत नाही. वाळूवर दिसणारा व्हायटिंगही आपल्या मुडदुशीच्याच कुळातला आहे. टोडफिश विषारी असतो, तो कुणी खाऊ नये.

पोहण्यासाठी मोरटन बेटावरचे टँगालूमा गाठावे. लहान बोटींना आडोसा मिळावा म्हणून १९६३ पासून तिथे १५ जुनी जहाजे मुद्दाम बुडवण्यात आली. या जहाजांलगत प्रवाह जोराचा असतो. भरती आणि ओहोटी यांच्या संधिकाळात, पाणी थबकलेले असतानाच, सोबत्यासह उतरावे. मासे प्रवाहाच्या आडोशाला थांबतात, म्हणून गंजलेल्या पत्र्यांच्या मागच्या बाजूला शोधावे. हात मात्र कुठेही घालू नये, कारण खाली वॉबेगाँग जातीची मुशी लपलेली असू शकते आणि डिवचल्यास ती चावते. उन्हाळ्याच्या अखेरीस पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाहाबरोबर उष्ण कटिबंधातल्या माशांची पिल्ले येतात, तर हिवाळ्यात बोयांचे थवे अंडी घालण्यासाठी खाड्या सोडून समुद्राकडे निघतात. तेथील हिवाळा जूनमध्ये सुरू होतो, हे नव्याने गेलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

मार्च २००९ पासून मोरटन उपसागराच्या सागरी उद्यानाचा सुमारे १६ टक्के भाग हरित क्षेत्र असून तिथे मासेमारीला बंदी आहे, पाहायला नाही. उथळ पाण्यातून बाहेर येताना पाऊल उचलून न टाकता वाळूवर घासत चालावे, म्हणजे वाळूत दडलेले पाकट आधीच दूर सरकते.